खिशातील तिजोरी



अलीबाबा आणि चाळीस चोर ही गोष्ट तुम्ही लहानपणी दादीकडून किंवा नानीकडून ऐकली असेल. चोरांचा सरदार डोंगरातील गुहेसमोर उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो, "खुल जा सिमसिम!" दगडी दार उघडते. झाडावर लपलेला अलीबाबा हे शब्द ऐकतो आणि चोरांचे गुपित त्याच्या हाती लागते. पुढे त्याचा भाऊ कासिम तेच शब्द उच्चारून गुहेत शिरतो. सोने पाहून त्याचे भान हरपते. बाहेर पडायची वेळ येते, तेव्हा 'सिमसिम' हा शब्दच त्याला आठवत नाही. अरबी भाषेत सिमसिम म्हणजे तीळ. कासिम एकामागून एक दुसऱ्याच धान्यांची नावे घेत राहतो. पण दार काही उघडत नाही. शेवटी चोर परत येतात आणि कासिमचा जीव जातो.

या एका गोष्टीत दोन धडे आहेत. चोरांनी आपला शब्द दुसऱ्याच्या कानी पडू दिला, म्हणून त्यांचा खजिना गेला. कासिम आपला शब्द विसरला, म्हणून तो आत अडकला. गुप्त शब्द कोणाला कळता कामा नये आणि आपण स्वतः तो विसरता कामा नये. बोलायला हे सोपे आहे. पण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे फार अवघड आहे. त्या कशा साधाव्यात, ते या पाठात पाहू या.

अशा शब्दाला मराठीत 'परवलीचा शब्द' म्हणतात. रात्रीच्या वेळी छावणीच्या दारावरील पहारेकरी येणाऱ्याला अडवतो आणि शब्द विचारतो. शब्द बरोबर असेल तर येणारा आपला, नसेल तर परका. सरकारी मराठीत 'संकेतशब्द' असेही म्हणतात. रोजच्या बोलण्यात मात्र आपण सगळे 'पासवर्ड' असेच म्हणतो. शब्दांची ये-जा कशी होते, पाहा. अरबीतील 'कुफ्ल' उर्दूत आला आणि तोच मराठीत 'कुलूप' झाला. 'चावी' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. कुलूप एकीकडून आले, चावी दुसरीकडून आली आणि दोन्ही मराठीत एकाच दाराला लागली!

संगणकाला पासवर्ड कधी लागला? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली फर्नांडो कोर्बाटो या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक नवी व्यवस्था तयार केली. तिच्यामुळे एकच मोठा संगणक अनेक जणांना एकाच वेळी वापरता येऊ लागला. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, तेव्हा प्रत्येकाचे काम वेगळे व खासगी ठेवायचे कसे? म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड देण्यात आला. पण गंमत अशी, की वर्षभरातच त्याची चोरी झाली. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्यात ठरावीक तासच संगणक वापरता येत असे. ते त्याला पुरत नसत. १९६२ साली त्याने एक युक्ती केली. सगळ्यांचे पासवर्ड ज्या यादीत होते, ती यादीच त्याने संगणकाकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केले. म्हणजे पासवर्ड जितका जुना, जवळजवळ तितकीच त्याची चोरीही जुनी आहे. खुद्द कोर्बाटोंनी २०१४ साली सांगितले, की पासवर्ड ही आता एक डोकेदुखी होऊन बसली आहे.

ही डोकेदुखी तुमच्या घरातही आली आहे. दहावी झाल्यावर काय काय करावे लागते, ते मोजून पाहा. अकरावीचा प्रवेश ऑनलाइन होतो. नाशिक शहरात ही पद्धत काही वर्षांपासून होती. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून ती साऱ्या महाराष्ट्रात लागू झाली. त्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि पासवर्ड ठरवावा लागतो. शिष्यवृत्तीसाठी 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर आणखी एक नाव आणि आणखी एक पासवर्ड लागतो. गुणपत्रिका ठेवायला 'डिजिलॉकर' आहे. ते केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केले. त्याला सहा अंकी पिन लागतो. ई-मेलचा पासवर्ड वेगळा. वीजबिल, रेल्वेचे तिकीट, अम्मीचे बँकेचे ॲप यांचे आणखी वेगळे. इतके सगळे पाठ ठेवणे कोणालाही कठीणच.

समजा, वडाळ्यातील किंवा जुन्या नाशिकमधील एका मुलीने जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरला. त्या वेळी पासवर्ड ठरवला आणि घाईत तो कुठेही लिहिला नाही. आठ दिवसांनी यादी लागली. महाविद्यालय मिळाले आहे आणि प्रवेश निश्चित करण्याची मुदत संपत आली आहे; पण आत जाता येत नाही. ज्या मोबाईल क्रमांकावर नवा पासवर्ड मागवायचा, ते कार्ड भाईजानने महिन्यापूर्वीच बदलले आहे. अशा वेळी गुण कितीही चांगले असले, तरी मुलगी दाराबाहेरच उभी राहते. कासिम आत अडकला होता, ही बाहेर अडकली. एवढाच काय तो फरक.

आता एक आनंदाची गोष्ट सांगतो. पुष्कळदा आपण जो पासवर्ड विसरलो असे समजतो, तो आपल्याच फोनने लक्षात ठेवलेला असतो. तुम्ही पहिल्यांदा पासवर्ड टाकला, तेव्हा पडद्याच्या खालच्या बाजूला एक छोटी चौकट आली असेल: 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' आपण न वाचताच 'हो' म्हणून बोट दाबतो आणि विसरून जातो. फोन मात्र विसरत नाही. त्याच्या आत एक तिजोरी आहे. तिच्यात तो नाव आणि पासवर्ड यांची जोडी ठेवून देतो. ही तिजोरी कोठे असते, ते आता पाहू या.

तुमच्या घरातील फोन अँड्रॉइड असेल, तर 'क्रोम' उघडा. वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके दिसतील. त्यांवर बोट ठेवा आणि 'सेटिंग्ज'मध्ये जा. तेथे 'गूगल पासवर्ड मॅनेजर' असे लिहिलेले आढळेल. ते उघडले, की संकेतस्थळांची आणि ॲपची यादी दिसते. तुम्हांला हवे ते नाव निवडा. आता फोन तुमची ओळख विचारील. बोटाचा ठसा द्या किंवा फोनचा पिन टाका. मग तुमचे नाव दिसेल आणि पासवर्डच्या जागी काळे ठिपके दिसतील. शेजारी डोळ्याचे चिन्ह असते. डोळ्यावर बोट ठेवताच ठिपक्यांचे अक्षर होतात. तेथेच पासवर्ड बदलण्याची, पुसून टाकण्याची आणि त्याच्याजवळ छोटी टीप लिहून ठेवण्याची सोय असते. एकच फोन तीन भावंडे वापरत असतील, तर 'हा आपाचा अर्ज', 'हा माझा अर्ज' अशी टीप फार उपयोगी पडते.

क्रोमशिवाय दुसराही रस्ता आहे. फोनच्या मुख्य सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर शोधण्याची पट्टी असते. तिच्यात 'पासवर्ड' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये या खोलीचे नाव आणि जागा थोडी वेगळी असते. म्हणून पाठांतर करण्यापेक्षा शोधण्याची पट्टी वापरणे चांगले. सॅमसंगच्या फोनमध्ये कंपनीची स्वतःची 'सॅमसंग पास' नावाची तिजोरीही असते. एका तिजोरीत वस्तू सापडली नाही, तर दुसरीत पाहावी. आयफोनमध्ये २०२४ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून 'पासवर्ड्स' नावाचे स्वतंत्र ॲप आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत हीच यादी सेटिंग्जमध्ये मिळते.

कधी कधी एखाद्या संकेतस्थळासाठी फोन 'सेव्ह करू का?' असे विचारतच नाही. याचे कारण बहुधा असे असते, की पूर्वी कोणीतरी 'कधीच नको' यावर बोट दाबलेले असते. अशा नाकारलेल्या स्थळांची वेगळी यादी पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये असते. तेथून ते नाव काढून टाकले, की फोन पुन्हा विचारू लागतो.

येथे तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी विचारील, "सर, फोन मला पासवर्ड दाखवतो, मग 'पासवर्ड विसरलो' असे म्हटल्यावर संकेतस्थळ जुना पासवर्ड का सांगत नाही? ते नवीनच का करायला लावते?" प्रश्न फार चांगला आहे. याचे उत्तर पिठाच्या गिरणीत आहे.

गिरणीत गहू टाकले, की पीठ मिळते. तेच गहू पुन्हा टाकले, तर तसेच पीठ मिळेल. पण पिठाचे पुन्हा गहू करता येतील का? मुळीच नाही. चांगले संकेतस्थळ तुमचा पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. ते त्याला गणिताच्या गिरणीत दळते आणि फक्त पीठ सांभाळते. दुसऱ्या दिवशी तुम्ही पासवर्ड टाकला, की ते तो पुन्हा दळते आणि दोन्ही पिठे सारखी आहेत का, एवढेच पाहते. मूळ पासवर्ड त्याच्याजवळ नसतोच; मग ते सांगणार कोठून? रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या दोन शास्त्रज्ञांनी १९७९ साली या पद्धतीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांनी आणखी एक युक्ती सांगितली. दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये वेगवेगळे चिमूटभर मीठ घालायचे, म्हणजे काही अक्षरे मिसळायची. मग दोघांचे पासवर्ड एकसारखे असले, तरी त्यांचे पीठ वेगळे निघते आणि चोराला एकावरून दुसऱ्याचा पत्ता लागत नाही. संगणकाच्या शास्त्रात या अक्षरांना खरोखरच 'मीठ' असे म्हणतात!

फोनच्या तिजोरीचे काम वेगळे आहे. तिला पासवर्ड तुम्हांला परत द्यायचा असतो. म्हणून ती दळत नाही, तर कुलूप लावते. पासवर्ड सांकेतिक अक्षरांत बदलून ठेवला जातो आणि तुमचा बोटाचा ठसा किंवा पिन पटल्यावर पुन्हा वाचता येतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. फोनचा पिन हीच आता साऱ्या घराची चावी झाली आहे. तो '१२३४' असेल किंवा जन्मसाल असेल, तर तिजोरीला कुलूप लावून चावी दारातच टांगल्यासारखे होईल. म्हणून फोनचा पिन निदान सहा अंकी असावा, सहज ओळखता न येणारा असावा आणि तो गल्लीतील मित्रांसमोर टाकू नये.

आपल्या नाशिकला जपणुकीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नाशिकरोडला १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली करन्सी नोट प्रेस उभी राहिली. टपाल तिकिटे, मुद्रांक, पासपोर्टच्या पुस्तिका आणि नोटा तेथे छापल्या जातात. या वस्तू पुढे देशभर हातोहात फिरतात. पण बाहेर पडेपर्यंत त्यांच्याभोवती कडक पहारा असतो. कागद साधाच, त्याच्यावर लोकांचा विश्वास बसतो, म्हणून तो मोलाचा. तुमच्या पासवर्डचेही तसेच आहे. ती दहा-बारा अक्षरेच असतात. पण त्यांच्या भरवशावर तुमची गुणपत्रिका, तुमचा प्रवेश आणि अब्बांची कमाई उभी असते.

आता अशी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे पुष्कळ घरांत कोणाचेच लक्ष नसते. अब्बा किंवा चाचा नवा फोन घेतात, तेव्हा गूगलचे खाते कोणी काढले? बहुधा दुकानातील मुलाने! त्याने घाईघाईत एक नाव घातले, एक पासवर्ड घातला आणि फोन हातात दिला. फोन चालू झाला, सगळे खूश झाले. पण पासवर्ड काय आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नाही. अडचणीच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून जो क्रमांक द्यावा लागतो, तोही कधी कधी दुकानातलाच दिलेला असतो. फोन हातात आहे तोवर काहीच बिघडत नाही. पण फोन हरवला, पाण्यात पडला किंवा नवा घेतला, म्हणजे त्या खात्यात पुन्हा शिरायचे कसे? आणि तिजोरी तर त्याच खात्यात आहे! फोटो, क्रमांक आणि सगळे पासवर्ड एका दिवसात परके होतात. याउलट खात्याचा पासवर्ड माहीत असेल, तर नव्या फोनमध्ये तेच खाते उघडताच त्यात जपलेले पासवर्ड आपोआप परत मिळतात.

म्हणून हे काम फोन हातात असतानाच करावे. सेटिंग्जमध्ये 'गूगल' उघडा. तेथे कोणत्या ई-मेलचे खाते चालू आहे, ते दिसेल. तो पत्ता वहीत लिहून घ्या. मग खात्याच्या 'सुरक्षा' या भागात जाऊन तीन गोष्टी तपासा. पहिली, मोबाईल क्रमांक घरातल्या माणसाचाच आहे ना? दुसरी, मदतीसाठी दुसरा ई-मेल दिला आहे का आणि तो कोणाचा आहे? तिसरी, हे खाते आणखी कोणत्या फोनवर किंवा संगणकावर उघडे आहे का? अनोळखी यंत्र दिसल्यास त्याला तेथूनच बाहेर काढता येते. यानंतर खात्याचा पासवर्ड स्वतः बदला. शेवटी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. ती सुरू केल्यावर दहा राखीव संकेतांक मिळवता येतात. प्रत्येक संकेतांक आठ अंकी असतो आणि एकदाच चालतो. फोन हरवला, तरी यांतील एक संकेतांक आणि पासवर्ड यांच्या साहाय्याने खाते उघडता येते.

हे संकेतांक आणि मुख्य पासवर्ड कोठे ठेवावेत? एका कागदावर शाईने लिहून, रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले ज्या पेटीत असतात, तेथे ठेवावेत. कागदावर लिहिणे कमीपणाचे नाही. दूर देशातील चोराचा हात घरच्या पेटीपर्यंत पोहोचत नाही. मात्र पासवर्डचा फोटो काढून फोनमध्ये ठेवणे, व्हॉट्सॲपवर पाठवणे किंवा फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी खुपसणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

पासवर्ड भक्कम कसा करावा, हे थोड्या गणिताने समजून घेऊ. इंग्रजीत २६ अक्षरे आहेत. लहान लिपीतील सहा अक्षरांचे सुमारे ३० कोटी ८९ लाख पासवर्ड होतात. संख्या मोठी वाटते. पण चोरांनी एखाद्या संकेतस्थळाची 'पिठाची यादी' पळवली आणि त्यांचा संगणक सेकंदाला १०० कोटी पासवर्ड दळून पाहतो असे धरले, तर ही सगळी संख्या एका सेकंदाच्या आत संपते. आठ अक्षरांना सुमारे साडेतीन मिनिटे लागतात. बारा अक्षरांना सुमारे तीन वर्षे लागतात. आणि सोळा अक्षरांना? तेरा लाख वर्षांहून अधिक! अक्षरे दुप्पट झाली की वेळ दुप्पट होतो, असे नाही. प्रत्येक नवे अक्षर वेळेला २६ पटींनी वाढवते. म्हणून पासवर्ड अवघड असण्यापेक्षा लांब असणे अधिक महत्त्वाचे. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ साली असाच सल्ला दिला: लांबीवर भर द्या आणि पासवर्ड फुटल्याची शंका नसेल, तर उगाच दर दोन-तीन महिन्यांनी बदलायला लावू नका.

मात्र हे गणित अक्षरे मनाला येतील तशी घेतली, तरच खरे ठरते. स्वतःचे नाव, मोबाईल क्रमांक, 'नाशिक१२३' असे पासवर्ड चोर सर्वांत आधी करून पाहतो. त्याऐवजी एकमेकांशी काहीच संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. तुम्हांला तर दोन भाषांचा खजिना उपलब्ध आहे! दोन शब्द उर्दू, दोन मराठी आणि एक गावाकडच्या बोलीतला घेतला, तर तो तुमच्या लक्षात राहील आणि परक्याला सुचणार नाही. उदाहरणार्थ: चष्मा, पिंपळ, बताशा, नगारा, फुनका. हे उदाहरण मात्र वापरू नका. ते या पुस्तकात छापले गेले आहे. असा एक पासवर्ड गूगलच्या खात्यासाठी पाठ ठेवा. बाकीच्या ठिकाणी फोन स्वतःच लांबलचक पासवर्ड सुचवतो. तो स्वीकारून तिजोरीत ठेवला, की पाठांतराची गरज नाही.

एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नये, याचे कारणही आता कळेल. एका लहानशा संकेतस्थळाची यादी चोरीला गेली, की चोर तीच जोडी ई-मेलवर करून पाहतो, मग दुसरीकडे करून पाहतो. एक चावी हरवली, की साऱ्या गल्लीची दारे उघडतात. फोनच्या तिजोरीत 'पासवर्ड तपासणी' अशी सोय आहे. कोणते पासवर्ड फुटलेले आहेत, कोणते दोन ठिकाणी वापरले आहेत आणि कोणते कच्चे आहेत, हे ती वेगवेगळे दाखवते. आधी फुटलेले बदलावेत, मग दोन ठिकाणी वापरलेले. ध्यानात ठेवा, तिजोरीतील नोंद बदलली म्हणजे संकेतस्थळावरील पासवर्ड बदलला, असे होत नाही. आधी तो संकेतस्थळावर जाऊन बदलायचा आणि मग तिजोरीत नवा साठवायचा.

सायबर कॅफेत किंवा मित्राच्या फोनवर अर्ज भरावा लागला, तर काय करावे? तेथील यंत्र 'सेव्ह करू का?' असे विचारील, तेव्हा 'नको' म्हणावे. काम झाल्यावर नुसती खिडकी बंद करू नये. खात्यातून नीट बाहेर पडावे आणि मगच खुर्चीवरून उठावे. अर्जाचा क्रमांक आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत उतरवून घ्यावा. 'दुकानदाराला माहीत आहे' हे उत्तर ऐन मुदतीच्या दिवशी, दुकान बंद असताना, काही कामाचे नसते.

काही गुपिते मात्र तिजोरीतही ठेवायची नसतात. पैसे पाठवण्यासाठी आपण जो यूपीआय पिन टाकतो, तो चार किंवा सहा अंकी असतो. तो फक्त डोक्यात ठेवावा. पैसे घेण्यासाठी हा पिन कधीही लागत नाही. 'पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील' असे जो सांगतो, तो ठग आहे असे खुशाल समजावे. मोबाईलवर येणारा ओटीपी बँकेचा साहेबही विचारत नसतो. तरीही घरात कोणाची फसवणूक झाली, तर अब्रूच्या भीतीने गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार नोंदवली जाईल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा अधिक असते.

आता थोडे सचोटीविषयी. एका घरात एकच फोन असतो. मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या बापाच्या फोनवर मुलगा अभ्यास करतो, मुलगी अर्ज भरते आणि अम्मी मामूंशी बोलते. अशा फोनची तिजोरी उघडता येणे ही मोठी जबाबदारी आहे. डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवले, की आपल्याच नव्हे, तर दुसऱ्यांच्याही चाव्या दिसतात. उर्दूत आपण ज्याला 'अमानत' म्हणतो, तोच शब्द मराठीत 'अनामत' होऊन आला. अनामत म्हणजे विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली वस्तू. दुसऱ्याचा पासवर्ड दिसला, तरी तो अनामत आहे असे समजावे. गंमत म्हणूनही तो वापरू नये. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-सी नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढे पासवर्ड राहतील का? २०२२ साली ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन मोठ्या कंपन्यांनी 'पासकी' नावाच्या नव्या पद्धतीला एकत्र पाठिंबा जाहीर केला. तिच्यात शब्द नसतोच. फोन चाव्यांची एक जोडी तयार करतो. एक चावी संकेतस्थळाला देतो आणि दुसरी गुप्त चावी स्वतःजवळ ठेवतो. तुम्ही बोटाचा ठसा दिला, की दोन्ही जुळतात आणि दार उघडते. शब्दच नाही, तर अलीबाबा झाडावरून ऐकणार काय आणि कासिम विसरणार काय? पण ती गुप्त चावीही याच तिजोरीत राहते. म्हणून तिजोरीची ओळख करून घेणे आजही जरूर आहे आणि उद्याही राहील.

तर मित्रांनो, या रविवारी एक काम करा. अब्बा-अम्मींना जवळ बसवा आणि त्यांच्या परवानगीने घरचा फोन उघडा. खाते कोणाचे आहे ते पाहा, क्रमांक तपासा, राखीव संकेतांक कागदावर उतरवून पेटीत ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे. घरातील मोठ्यांनी तुम्हांला आजवर पुष्कळ शिकवले. ही एक गोष्ट तुम्ही त्यांना शिकवा. न चिडता, न घाई करता, दोनदा विचारले तर दोनदा सांगून.

स्वाध्याय

१. कासिमच्या आणि चोरांच्या चुकीत कोणता फरक आहे? दोन-तीन वाक्यांत लिहा.
२. 'पासवर्ड विसरलो' असे सांगितल्यावर संकेतस्थळ जुना पासवर्ड का देत नाही? पिठाच्या गिरणीचे उदाहरण देऊन सांगा.
३. कारण लिहा: पासवर्ड अवघड असण्यापेक्षा लांब असणे अधिक महत्त्वाचे आहे.
४. 'कुफ्ल–कुलूप', 'अमानत–अनामत' यांसारख्या उर्दू व मराठी शब्दांच्या आणखी पाच जोड्या शोधून वहीत लिहा.
५. फोन हरवण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी, हे समजावणारे पत्र आपल्या मामूंना किंवा खालांना मराठीत लिहा.